ठाण्यात भाड्याने द्यायला फ्लॅट घेताय? आधी हिशेब, मग पाणी, मग कागद

दलालाला फोन करण्याआधी एक हिशेब कागदावर मांडा. आकडे तुमच्या इमारतीप्रमाणे बदलतील, पण मांडायची पद्धत हीच ठेवा. धरा, घोडबंदर रोडला ९० लाखांचा रीसेलचा वन बीएचके मिळतोय. ठाणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ६ लाख ३० हजार. नोंदणी फी १ टक्का असली तरी तिला ३० हजारांची मर्यादा आहे. दलाली १ टक्का धरली तर ९० हजार. रंग, खिडक्यांच्या जाळ्या, पंखे, गीझर आणि बाथरूमची दुरुस्ती मिळून अडीच लाख. म्हणजे ९० लाखांचा फ्लॅट भाडेकरूच्या हातात किल्ली देईपर्यंत एक कोटीला पडला.

आता भाडं. महिन्याला २४ हजार मिळतील असं समजू. वर्षातला एक महिना घर रिकामं राहतं हे धरूनच चाला, म्हणून ११ महिन्यांचे २ लाख ६४ हजार. त्यातून मेंटेनन्स ४ हजारांप्रमाणे वर्षाचे ४८ हजार, नॉन-ऑक्युपन्सी आकार (घर भाड्याने दिलं की सोसायटी घेते तो) ३ हजार, मालमत्ता कर १२ हजार. भाडेकरू दोन वर्षांनी बदलतो असं धरलं तर दलालीचा वर्षाचा वाटा १२ हजार आणि रंग-दुरुस्तीसाठी २० हजार. हातात उरतात १ लाख ६९ हजार, म्हणजे घातलेल्या एक कोटीवर पावणेदोन टक्क्यांच्याही आत. यावर आयकर वेगळा.

कर्ज काढून घेत असाल तर ७० लाखांवर साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता सुमारे ६० हजार ७०० रुपये येतो. भाड्यातून महिन्याला सरासरी १४ हजार सुटतात. उरलेले ४६-४७ हजार दर महिन्याला पगारातून घालायची तयारी आहे का, हा प्रश्न बुकिंगचा चेक लिहिण्याआधीचा आहे. ‘भाड्यातून हप्ता निघेल’ असं कुणी सांगत असेल तर त्याच्यासमोर हा कागद ठेवा.

घराची किंमत पुढे वाढेल या भरवशावर बहुतेक लोक हे घर घेतात आणि ते ठीकही आहे. पण नफ्याची फट इतकी अरुंद असताना एक लांबलेला रिकामा काळ, एक गळणारं बाथरूम किंवा एक अर्धवट करार वर्षभराची कमाई खाऊन टाकतो. म्हणून हे तीन खड्डे कुठे असतात ते नीट समजून घ्या.

भाडेकरूच्या पायांनी चालून बघा

स्वतः राहायला घर बघताना आपण बाल्कनीतून दिसणारा येऊरचा डोंगर बघतो. भाडेकरू स्टेशनला किती वेळ लागतो ते बघतो. सकाळी साडेआठला इमारतीच्या गेटपासून स्टेशनपर्यंत शेअर रिक्षाने किंवा टीएमटीने स्वतः जाऊन या. रविवारी दुपारी गाडीने केलेली फेरी काही उपयोगाची नाही. घोडबंदर रोडला मानपाड्याची इमारत आणि ओवळ्याची इमारत यांच्यात जाहिरातीत ‘पाच मिनिटं’ असतात, पण वाहतूक अडकली की भाडेकरूला तो फरक रोज भोगावा लागतो आणि मग भाड्यातही तो दिसतो.

कोण भाड्याने घेणार हे ठरवून मग भाग निवडा. ऐरोली, रबाळे, घणसोली आणि महापे इथल्या ऑफिसांत काम करणारे ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर मार्गाच्या आसपास घर शोधतात. त्यांना लहान, नीटनेटकं आणि स्टेशनजवळचं घर हवं असतं. खारघरला कॉलेजची मुलं असतात, शिवाय टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक केंद्रात उपचारांसाठी आलेल्या रुग्णांचे नातेवाईकही काही महिन्यांसाठी घर शोधतात. नेरुळ, वाशी आणि नौपाड्यात कुटुंबं येतात. मुलांची शाळा जवळ असली की ती चार-पाच वर्षं हलत नाहीत, आणि मालकासाठी याहून चांगलं काही नाही.

उलवे आणि द्रोणागिरीबद्दल स्पष्ट सांगतो. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, उरणपर्यंत लोकल गेली, विमानतळही सुरू झाला. किमतीला याचा फायदा होईलही. पण नव्या वसाहतीत एकाच वेळी शेकडो फ्लॅट भाड्याला निघतात तेव्हा भाडेकरूसमोर दहा पर्याय असतात आणि भाडं तोच ठरवतो. नेमकं भाड्यासाठीच घर हवं असेल तर वस्ती भरलेली, दुकानं चालू असलेली आणि रात्री रिक्षा मिळणारी जागा निवडा.

पाणी

ठाण्यात भाडेकरू घर सोडतो त्यामागे पाणी हे फार मोठं कारण असतं. घोडबंदर पट्ट्यातल्या कित्येक सोसायट्यांत उन्हाळ्यात टँकर येतात. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे तीन गोष्टी विचारा: महापालिकेचं पाणी दिवसाला किती तास येतं, बोअरचं पाणी कुठल्या नळाला जोडलंय, आणि गेल्या एप्रिल ते जून टँकरवर किती खर्च झाला. तोंडी उत्तरावर थांबू नका, विकणाऱ्याकडून बारा महिन्यांची मेंटेनन्स बिलं घ्या. टँकरचा खर्च ‘पाणी आकार’ किंवा ‘जादा आकार’ अशा नावाखाली मे-जूनच्या बिलात सापडतो.

बोअरचं पाणी जड असेल तर गीझरच्या कॉइलवर क्षार बसतो, शॉवरची भोकं बुजतात आणि वॉशिंग मशिन लवकर बिघडतं. अशा इमारतीत महागडा गीझर बसवू नका. साधा पंधरा लिटरचा बसवा, त्याची कॉइल आणि अॅनोड रॉड वर्षाला तपासून घ्या.

नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, त्यामुळे बेलापूर ते ऐरोली पट्ट्यात तुलनेने बरं चाललंय. खारघर, कामोठे आणि उलवे त्या महापालिकेत येत नाहीत. तिथे पाण्याचा प्रश्न वेगळा आहे, तो सेक्टरनुसार विचारावा लागतो.

भाडं जास्त, किंमत कमी: इथे थांबा

दिवा, मुंब्रा आणि कळव्याच्या काही भागांत, तसंच घणसोली-कोपरखैरणेच्या गावठाणालगत असे फ्लॅट मिळतात की वरचा हिशेब एकदम सुखावतो. २५ लाखांत घर, ९ हजार भाडं. कारण सोपं आहे: इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (राहायला वापरण्याची महापालिकेची परवानगी) नाही, बँक कर्ज देत नाही, म्हणून किंमत पडलेली असते. भाडेकरूला मात्र त्याने फरक पडत नाही, त्यामुळे भाडं तेवढं पडत नाही. टक्केवारी चांगली दिसते ती धोक्यामुळे. शीळफाट्याजवळची लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत एप्रिल २०१३ मध्ये कोसळली आणि ७४ जीव गेले, हे ठाण्यात कुणी विसरू नये. दुसऱ्या कुटुंबाला आपण अशा इमारतीत ठेवायचं नाही, एवढं तरी ठरवून टाका. पैशांचा विचार त्यानंतर.

रीसेल घेताना किमान हे बघा: भोगवटा प्रमाणपत्र, पहिल्या मालकापासूनची करारांची साखळी आणि प्रत्येक कराराची इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, कन्व्हेयन्स किंवा मानीव अभिहस्तांतरण (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का. इमारत तीस वर्षांवरची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. अहवालात मोठी दुरुस्ती सुचवलेली असेल तर ती वर्गणी तुमच्या माथी येणार. महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते, त्यात इमारतीचं नाव आणि वर्ग बघा.

नवी मुंबईत बहुतेक जमीन सिडको या सरकारी महामंडळाची, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली. म्हणून हस्तांतरणाला सिडकोचं ना-हरकत पत्र आणि शुल्क लागतं का, ते कुणी भरायचं, हे टोकन देण्याआधी लिहून घ्या. सिडकोच्या सोडतीतलं घर असेल तर वाटपपत्रातल्या अटी पूर्ण वाचा. पनवेल महापालिका ऑक्टोबर २०१६ मध्ये झाली आणि खारघर-कामोठे भागात तेव्हापासूनच्या मालमत्ता कराचा वाद बराच गाजला. तिथलं घर घेताना कराची थकबाकी शून्य असल्याची पावती विकणाऱ्याकडून घ्या, नाहीतर जुनं ओझं तुमच्या नावावर चढेल.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत जीएसटी लागतो, साधारण ५ टक्के. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतीत लागत नाही. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी तुमची, विकणारा अनिवासी असेल तर नियम आणखी कडक. हे काम सीएकडे द्या.

बाथरूमची चाचणी

घर जुलैत बघायला मिळालं तर उत्तम. ओल कुठे येते ते भिंती स्वतःच सांगतात. उन्हाळ्यात बघत असाल तर नुकताच लावलेला रंग संशयाने बघा, विशेषतः बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीचा खालचा दीड-दोन फूट पट्टा. हात फिरवला की फुगलेलं प्लास्टर कळतं, टिचकी मारली की पोकळ आवाज येतो.

किल्ली हातात आल्यावर पण भाडेकरू येण्याआधी ही चाचणी करा. नहाणी ट्रॅपमध्ये (पाणी जायच्या जाळीत) ओला कपडा घट्ट कोंबा, बाथरूमच्या फरशीवर दोन इंच पाणी साठवा आणि २४ तास ठेवा. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या बाथरूमचं छत बघा. ओल दिसली तर बहुतेक वेळा दोष ट्रॅपच्या सांध्यात किंवा टाइल्सच्या फटीत असतो. फटींचाच प्रश्न असेल तर जुनं पांढरं सिमेंट खरवडून इपॉक्सी ग्राउट भरलं की भागतं. ट्रॅपच्या भोवतीचा कोबा फुटलेला असेल तर फरशी उचलून वॉटरप्रूफिंग नव्याने करावं लागतं आणि बाथरूम आठ-दहा दिवस बंद राहतं. भाडेकरू आत असताना हे काम काढणं म्हणजे रोजचा वाद. म्हणून आधी करा.

जबाबदारीचं गणितही ठाऊक असू द्या. गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइपची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. तुमच्या बाथरूम-सिंकमधून खाली झिरपलं तर खर्च तुमचा. खालच्या मजल्यावरचा सदस्य तक्रार तुमच्याकडे करेल, भाडेकरूकडे नाही.

करार: नोटरी नको, नोंदणीच

भाडं नियंत्रण कायदा, १९९९ नुसार लीव्ह अँड लायसन्स करार (ठराविक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा) लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे. करार ११ महिन्यांचा असला तरीही. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, आणि त्याहून मोठा तोटा म्हणजे वाद झाल्यावर ‘काय ठरलं होतं’ यात भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, खोटं ठरवायची जबाबदारी तुमच्यावर येते.

नोंदणीकृत करार हातात असेल तर त्यातला मजकूर हाच पक्का पुरावा. मुदत संपूनही भाडेकरू निघाला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि जास्तीच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. भाडेकरूला बाजू मांडायची तर आधी परवानगी घ्यावी लागते. दिवाणी दाव्यापेक्षा हा रस्ता पुष्कळ छोटा आहे. जुन्या लोकांच्या मनातली ‘भाडेकरू घर बळकावेल’ ही भीती १९७३ च्या दुरुस्तीपासूनची आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहणाऱ्यांना तेव्हा भाडेकरूचं संरक्षण मिळालं होतं. आज नोंदणी केलेल्या मालकाला ती भीती बाळगायचं कारण नाही.

खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, तेही एकूण भाडं अधिक परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेवर. २४ हजार भाडं, एक लाख डिपॉझिट, ११ महिने: शुल्क सातशेच्या आसपास. नोंदणी फी महापालिका हद्दीत एक हजार. ऑनलाइन नोंदणीत आधार आणि अंगठा घेणारा माणूस घरी येतो, त्याची फी वेगळी. एवढ्या रकमेसाठी नोटरीवर भागवणं हा चुकीच्या जागी केलेला काटकसरीचा प्रयत्न आहे.

करारात हे स्पष्ट लिहा: भाडं कोणत्या तारखेपर्यंत यायचं, सहा महिन्यांचा लॉक-इन (तोवर कुणी करार मोडायचा नाही), दोन्ही बाजूंना एक महिन्याची नोटीस, पोटभाड्याने द्यायला मनाई, किती माणसं राहणार त्यांची नावं, मेंटेनन्स कोण भरणार, वस्तूंची यादी. करार दोन-तीन वर्षांचा करायला हरकत नाही, वाढीची टक्केवारी आतच लिहून ठेवा. दरवर्षी नव्याने दलाल आणि नोंदणी नको.

भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन द्या, ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही आयुक्तालयांसाठी सोय आहे. न दिल्यास गुन्हा मालकावर नोंदवला जातो. परदेशी नागरिक राहायला येत असेल तर २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन द्यावी लागते.

हेवी डिपॉझिट

मुंबई-ठाण्याकडे ही पद्धत सर्रास चालते: भाडं नाही किंवा नाममात्र, त्याऐवजी आठ-दहा लाख एकरकमी डिपॉझिट. मालकाला वाटतं, मोठी रक्कम हातात आली. ती परत करायची आहे, आणि ज्या दिवशी भाडेकरू निघेल त्याच दिवशी. पैसे दुसऱ्या फ्लॅटच्या टोकनमध्ये किंवा लग्नात गेले असतील तर भाडेकरू घर सोडणार नाही, आणि त्याचं चुकतंय असंही म्हणता येणार नाही.

याहून घातक प्रकार म्हणजे मधला माणूस. तो तुमच्याकडून ‘कंपनीसाठी’ म्हणून २४ हजारांनी घर घेतो, वेळेवर भाडं देतो आणि आत दुसऱ्या कुटुंबाला आठ लाख डिपॉझिट घेऊन बसवतो. काही महिन्यांनी त्याचा फोन बंद. आत राहणारं कुटुंब तुमच्या दारात आठ लाख मागत उभं. म्हणून करार करणारा आणि राहणारा एकच असला पाहिजे. किल्ली त्याच्याच हातात द्या, सामान आत येताना हजर राहा, आणि तीन महिन्यांनी एकदा दुरुस्तीच्या निमित्ताने, आधी कळवून, घरात चक्कर मारा.

सोसायटी

आदर्श उपविधीनुसार घर भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचं आणि कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडायची. नॉन-ऑक्युपन्सी आकार सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, ऑगस्ट २००१ चा शासन आदेश आहे. सेवा शुल्क म्हणजे पगार, सामाईक वीज वगैरे. मालमत्ता कर, सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी त्यात येत नाहीत. पुष्कळ सोसायट्या पूर्ण बिलावर १० टक्के लावतात. भांडायच्या आधी आदेशाची प्रत जोडून पत्र द्या, आवक शिक्का घ्या.

हक्क काहीही असोत, घर घेण्याआधी सेक्रेटरीला भेटून विचारा: एकट्या मुला-मुलींना देता का, भाडेकरूच्या गाडीला स्टिकर मिळतं का, शिफ्टिंगचा आकार किती. पार्किंग नाकारणाऱ्या सोसायटीत गाडी असलेलं कुटुंब येणार नाही, म्हणजे तुमचे अर्धे भाडेकरू गेले.

रिकामा महिना

वरच्या उदाहरणात एक रिकामा महिना २४ हजारांना पडतो, आणि मेंटेनन्सचे ४ हजार त्या महिन्यातही खिशातून जातातच. भाडं एक हजाराने कमी करून घर महिनाभर आधी गेलं तर ११ महिन्यांत ११ हजारच कमी येतात. तरीही मालक २५ हजारांवर अडून दोन महिने घालवतात. नोटीस मिळाली त्याच आठवड्यात दलालांना कळवा, जुना भाडेकरू असतानाच घर दाखवायची अट करारात घाला.

आयकरात भाड्यातून भरलेला मालमत्ता कर वजा होतो, उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, आणि कर्जाचं व्याज वजा होतं. जुन्या पद्धतीत तोटा दोन लाखांपर्यंत पगारातून वजा करता येतो, नव्या पद्धतीत नाही. घर कर्जावर घेणाऱ्यांनी ही तुलना आधी करून बघावी. भाडं महिना ५० हजारांवर असेल तर भाडेकरूने २ टक्के टीडीएस कापायचा असतो.

घर सोडताना

किल्ली देताना आणि घेताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, महावितरणच्या मीटरचा फोटो आणि महानगर गॅसच्या मीटरचा फोटो दोघांच्या व्हॉट्सॲपवर असू द्या. कळवा-मुंब्रा-शीळ भागात वीज टोरंट पॉवरची, तिथला ग्राहक क्रमांक कराराच्या यादीत लिहा. गॅसचं बिल दोन महिन्यांनी येतं, म्हणून शेवटचं बिल भाडेकरू गेल्यावरच हातात पडतं. मीटर रीडिंगवरून अंदाजे रक्कम काढून तेवढीच डिपॉझिटमधून राखून ठेवा, बाकी त्याच दिवशी बँकेतून परत करा आणि बिल आल्यावर उरलेल्याचा हिशेब पाठवा. भिंतीवरचे खिळे, उडालेला रंग आणि झिजलेला नळ ही वापराची झीज आहे, तिचे पैसे कापू नका. फुटलेलं वॉशबेसिन किंवा हरवलेली किल्ली असेल तर दुकानाची पावती दाखवूनच कापा.

मुदत संपूनही तो निघत नसेल तर वीज-पाणी तोडायला किंवा कुलूप बदलायला जाऊ नका, पोलिसांत तक्रार तुमच्याविरुद्ध जाईल. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवा, त्यानंतर खात्यात येणारी रक्कम ‘भाडं’ म्हणून स्वीकारत नसल्याचं लेखी कळवा, आणि करार, इंडेक्स टू आणि नोटिशीची पोचपावती घेऊन वकिलामार्फत कलम २४ चा अर्ज दाखल करा.